एका फाइलसाठी संपूर्ण संगणक पुसू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयात मी अनेक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम करीत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या आमच्यासारख्या बहुतेक वाचनालयांत आता एखादा संगणक असतो आणि तो अडला की दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावा लागतो. अशा एका दुरुस्तीत आमचे जे नुकसान झाले, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. कारण एक फाइल काढता येत नाही म्हणून सगळा संगणक 'फॉरमॅट मारून' देण्याचा तोच उपाय ग्रामपंचायती, पतसंस्था आणि शाळा यांच्या संगणकांवरही होत असल्याचे मी पाहिले आहे.

गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, म्हणजे १७ सप्टेंबरला, वाचनालयात व्याख्यान झाले. त्याचे चित्रीकरण संगणकावर उतरवून घेत असताना मध्येच वीज गेली. अर्धवट उतरलेली ती व्हिडिओ फाइल कशातच चालत नव्हती आणि जवळजवळ चार जीबी जागा अडवून बसली होती. ती काढून टाकायला गेलो, तर ही फाइल 'कॉम सरोगेट'मध्ये उघडी असल्यामुळे हे काम पूर्ण करता येत नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येई. आम्ही तर काहीच उघडलेले नव्हते. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयत्न केला, तरी उत्तर तेच. शेवटी तो दुकानात दिला. तेथील कारागिराने 'कॉम सरोगेट' हे नाव वाचून हा व्हायरस असल्याचे सांगितले, फोनवर आमच्या लिपिकाची संमती घेतली आणि संध्याकाळपर्यंत नवे विंडोज टाकून संगणक परत दिला. फाइल गेली होती. तिच्यासोबत आमची सूचीही गेली होती.

ती सूची म्हणजे निजामी राजवटीच्या काळातील, गावातल्या जुन्या घराण्यांकडून देणगीदाखल मिळालेल्या मराठी व उर्दू पुस्तकांची आणि नियतकालिकांची होती. शीर्षक, मुद्रणस्थळ, वर्ष, पानांची स्थिती आणि पुस्तकावर कोणाची सही वा शिक्का आहे, इतका तपशील आम्ही दोन वर्षे रोज संध्याकाळी बसून टंकित केला होता. पेनड्राइव्हवर जी प्रत होती, ती पहिल्या सहा महिन्यांपुरतीच होती. प्रत वेळोवेळी ठेवायला हवी होती, ही जबाबदारी आमची होती आणि ती मी नाकारत नाही. परंतु एका निरुपयोगी फाइलच्या बदल्यात सारा संगणक पुसण्याची मुळात गरजच नव्हती, हे मला चार महिन्यांनी कळले.

चार महिन्यांनी दुसऱ्या एका चित्रीकरणाचे तसेच झाले आणि तोच संदेश पुन्हा आला. आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेजारीच बसला होता. त्याने फोल्डरमधील चित्रांचे मोठे दृश्य बदलून साध्या यादीचे केले, बाजूची पूर्वदर्शनाची चौकट बंद केली, चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून त्यातील 'कॉम सरोगेट' नावाची ओळ बंद केली आणि फाइल काढून टाकली. या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. नंतर त्याच्याकडून आणि स्वतः वाचून जे समजले, ते येथे सविस्तर मांडतो.

'कॉम सरोगेट' हा व्हायरस नसून विंडोजचाच एक मदतनीस आहे. आपण एखादे फोल्डर उघडतो, तेव्हा प्रत्येक व्हिडिओचे छोटे चित्र दिसावे म्हणून संगणक ती फाइल आतून वाचतो. हे वाचन करणारा भाग कोसळला, तर फोल्डरची खिडकीही त्याच्याबरोबर बंद पडू नये, यासाठी ते काम या वेगळ्या मदतनिसाकडे सोपवलेले असते. फाइल अर्धवट असेल, तर तो तिच्यातच अडकून राहतो आणि तिला सोडत नाही. म्हणजे आमची फाइल रात्रभर कोणी धरून ठेवलेली नव्हती. सकाळी ती काढण्यासाठी आम्ही फोल्डर उघडले, की त्या उघडण्यानेच ती पुन्हा पकडली जात होती. संगणक कितीही वेळा बंद-चालू केला असता, तरी त्याचा उपयोग झाला नसता. (या नावाआड लपणारे व्हायरसही असू शकतात, परंतु ती शंका अँटिव्हायरसने तपासून दूर करता येते, त्यासाठी संगणक पुसावा लागत नाही.)

विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम फाइल उघडतो, तेव्हा आपण ती वापरत असताना इतरांना ती वाचता यावी का, तिच्यात लिहिता यावे का आणि ती काढून टाकता यावी का, हेही तो त्याच वेळी सांगतो. काढण्याची मुभा त्याने दिली नसेल, तर तो फाइल सोडेपर्यंत कोणालाही ती काढता येत नाही. सातबाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असला की जमिनीचा व्यवहार अडतो, आणि कर्ज फेडून बोजा उतरवला की तोच व्यवहार सुरळीत होतो, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. फाइलच्या बाबतीतही बोजा कोणाचा आहे, हे आधी शोधावे लागते. हा नियम त्रासाचा वाटला, तरी योग्य आहे. एखादा प्रोग्रॅम हिशेबाची नोंद लिहीत असतानाच त्याच्या हातातून फाइल निघून गेली, तर होणारे नुकसान आमच्यापेक्षा मोठे असेल.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीत रीत वेगळी आहे आणि ग्रंथपाल म्हणून मला ती लगेच पटली. तेथे उघडी फाइलसुद्धा काढता येते, पण तेव्हा फक्त तिचे नाव फोल्डरच्या यादीतून खोडले जाते. ती वापरणारा शेवटचा प्रोग्रॅम तिला सोडेपर्यंत तिचा मजकूर आणि डिस्कवरची जागा तशीच राहते. वाचकाच्या घरी असलेल्या पुस्तकाचे नाव नोंदवहीतून कमी केले, तरी पुस्तक त्याच्या घरीच असते, तसेच हे आहे. म्हणूनच तेथे फाइल काढूनही जागा मोकळी झालेली दिसत नाही, अशी तक्रार लोक करतात.

बोजा कोणाचा, हे शोधण्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. विंडोजमध्येच 'रिसोर्स मॉनिटर' असतो. त्यातील सीपीयूच्या पानावर 'असोसिएटेड हँडल्स' या शीर्षकाखालील चौकटीत फाइलचे नाव टाकले, की ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडली आहे ते दिसते. मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉइज' या मोफत संचात 'फाइल लॉकस्मिथ' आहे. तो घेतला असेल, तर फाइलवर उजवी कळ दाबूनही हेच कळते. अधिक खोलात जायचे असेल, तर मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेला 'प्रोसेस एक्सप्लोरर' आहे. ज्या 'सिसइंटर्नल्स' संचातला तो आहे, तो २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे घेतला आणि आजही मोफत मिळतो. 'कोणतीही फाइल हटवा' अशी जाहिरात करणारी अनोळखी साधने मात्र उतरवून घेऊ नयेत. त्यांच्यासोबत नको असलेले प्रोग्रॅमही संगणकात शिरतात.

एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात, परंतु विंडोजचा आतला गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. 'रीस्टार्ट' केले, तर सगळे नव्याने सुरू होते. त्यामुळे एखाद्या अंतर्गत सेवेने फाइल धरली असेल, तर रोज रात्री संगणक बंद करणाऱ्यालाही ती अनेक दिवस अडलेली दिसू शकते. अशा वेळी 'रीस्टार्ट' करावे. तेवढ्याने भागले नाही, तर कमीत कमी प्रोग्रॅम घेऊन सुरू होणारा 'सेफ मोड' वापरावा.

कधी फाइल कोणीच धरलेली नसते, अडचण मालकीची असते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क नव्याला जोडली, की त्यावरील फाइली जुन्या वापरकर्त्याच्या नावावर राहतात. ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने 'टेकओन' ही आज्ञा देऊन त्या आपल्या नावावर करून घेता येतात आणि 'आयकॅक्स' या आज्ञेने त्यांवर पूर्ण परवानगी देता येते. हा संगणकातला फेरफारच म्हणायचा. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधील फाइलींवर मात्र तो कधीही करू नये. त्या विचारपूर्वक राखून ठेवलेल्या असतात.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. विंडोजमध्ये फाइलचा संपूर्ण पत्ता, म्हणजे सर्व फोल्डरांची नावे धरून, सर्वसाधारणपणे २६० चिन्हांच्या आत बसावा लागतो. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'ग्रामपंचायत' हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, पण संगणकासाठी तो अकरा चिन्हांचा आहे. 'सन अमुकचे वार्षिक अहवाल व खर्चाच्या पावत्या' अशी नावे फोल्डरात फोल्डर करून ठेवली, की ही मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि फाइल उघडता वा काढता येत नाही. उपाय अगदी सोपा आहे: वरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची करावीत, पत्ता आपोआप लहान होतो. नावाच्या शेवटी टिंब वा रिकामी जागा असलेली फाइलही अशीच अडते. ती काढताना कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टंकित करण्याच्या खिडकीत, पत्त्याच्या आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी तिरपी रेघ लिहावी, म्हणजे विंडोज नाव दुरुस्त करू न पाहता जसेच्या तसे स्वीकारते.

पेनड्राइव्हवर विचित्र चिन्हांच्या नावाची फाइल दिसत असेल, तर फाइलींची मांडणीच बिघडलेली असण्याचा संभव मोठा असतो. अनेकदा पेनड्राइव्ह चालू कामात उपसल्याने असे होते. तेथे 'चेकडिस्क' हे विंडोजमधील डिस्क तपासून दुरुस्त करणारे साधन चालवावे लागते, पण त्यापूर्वी जे वाचता येते ते दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण ही दुरुस्ती तुटलेले दुवे छाटून टाकते.

हे सर्व मी संगणकतज्ज्ञ म्हणून लिहिलेले नाही. दुरुस्तीच्या दुकानांतील मुलांवरही माझा राग नाही. समोर दहा संगणक रांगेत असताना फॉरमॅट हाच त्यांना लवकर हातावेगळा होणारा मार्ग वाटतो. परंतु पावतीवर दोन ओळी तरी असाव्यात: ग्राहकाची माहिती कोठे उतरवून ठेवली, आणि फॉरमॅट करण्यास त्याने स्वतः सही करून संमती दिली का. संगणक शिकवणाऱ्या वर्गांनाही माझी विनंती आहे की, टंकलेखन आणि तक्ते यांच्याबरोबर पडद्यावर आलेला संदेश पूर्ण वाचून त्याचा अर्थ लावण्याचा एक तास त्यांनी ठेवावा. आमच्या संदेशात फाइल कोणी धरली आहे, त्याचे नाव पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते.

शेवटी एक विनंती वाचकांना. आमच्या सूचीतील काही पाने मागील दोन वर्षांत संशोधनासाठी आलेल्या अभ्यासकांना छापून दिली होती. मराठवाड्यातील जुन्या उर्दू व मराठी नियतकालिकांची अशी टंकित पाने ज्यांच्याकडे असतील, त्यांनी त्यांची झेरॉक्स आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत आमच्याकडे पाठवावी. टपालखर्च वाचनालय देईल.

आपला विश्वासू,
एक ग्रंथपाल, जि. परभणी