काका, कॅलेंडरचं ते पान अजून काउंटरच्या काचेखाली आहे

आदरणीय काका,
सा. न.

गुलाबावरच्या भुरीचं औषध घ्यायला तुम्ही आमच्या मखमलाबाद रोडच्या कृषी सेवा केंद्रात आलात, तेव्हा मी रडकुंडीला आले होते. एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन शेतकरी आमच्याकडून माल नेतात. एकाची 18,400 रुपयांची उधारी मी दुसऱ्याच्या नावावर लावली आणि ज्यांनी त्या हंगामात एक पुडीही नेली नव्हती, त्यांच्या घरी वसुलीचा फोन गेला. तुम्ही औषध बाजूला ठेवून म्हणालात, "दाखवा बरं तो हिशोब."

माझा सगळा हिशोब एकाच एक्सेल शीटमध्ये होता. दर ओळीत नाव, गाव, फोन, औषध, दर. "याचा फोन बदलला तर किती ठिकाणी बदलाल?" तुम्ही विचारलंत. मोजल्या तर 63 ओळी निघाल्या, आणि त्यात एकाच माणसाचे दोन वेगळे नंबर. मग तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत आणि चार चौकोन, म्हणजे चार वेगळे तक्ते, काढलेत: शेतकरी, माल, बिल, बिलाच्या ओळी. प्रत्येक शेतकऱ्याला खाते क्रमांक. नाव सारखं निघतं, फोन बदलतो, म्हणून ओळख पटवायला दोन्ही चालणार नाहीत. खाते क्रमांक मात्र एकाचा एकच, ती प्राथमिक किल्ली (प्रायमरी की). बिलात शेतकऱ्याचं नाव नाही, फक्त त्याचा खाते क्रमांक, म्हणजे दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीकडे बोट दाखवणारी खूण, ती परकी किल्ली (फॉरेन की).

चौथा चौकोन कशाला, यावर मी दोन दिवस अडले होते. एका बिलात पाच औषधं असतात आणि एकच औषध शंभर बिलांत असतं. हे दोन चौकोनांत बसवायला गेलं की कुठेतरी पुनरावृत्ती होतेच. हे तुम्ही सांगून टाकलं नाहीत, मला पावती पुस्तक पुढ्यात घेऊन करून बघायला लावलंत. दराचंही तसंच. "एक गोष्ट एकाच जागी" हे शिकल्यावर मी बिलाच्या ओळीतून दर काढून टाकला आणि नव्या हंगामात मालाचा दर बदलताच जुनी बिलंही बदलली! आजचा दर आणि त्या दिवशी लावलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं. मला वाटतं, सगळ्यात मोठा धडा तोच होता.

माहिती अशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायची, याला 'रिलेशनल डेटाबेस' म्हणतात. आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी ही कल्पना 1970 साली मांडली, हेही तुमच्याकडूनच कळलं. ते गणिती होते. 'रिलेशन' हा शब्द गणितातला, त्याचा अर्थ खुद्द तक्ता. मी इतके दिवस तक्त्यांमधलं नातं असं समजत होते.

इंटरनेटवर कसं शोधायचं, हे मात्र तुम्ही नाशिकच्या रामकुंडावर शिकवलंत. तुमच्या तिथल्या पुरोहित चुलतभावांकडे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या आहेत. मी माहेरचं गाव आणि आडनाव सांगितलं, आणि सिंहस्थाला आलेल्या माझ्या पणजोबांची नोंद काही मिनिटांत समोर आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही हळूच म्हणालात, "सगळ्या वह्या कुणी वाचल्या का? आधीच लावून ठेवल्यात." गूगलही आपण विचारल्यावर जगभर धावत नाही, आधी पानं गोळा करून कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे याची सूची करून ठेवतं. म्हणजे उत्तराच्या पानावर जे शब्द असतील, तेच आपण लिहायचे.

पूर्वी मी "द्राक्षाला रोग आला काय फवारू" असं लिहायची आणि जाहिराती यायच्या. आता "डाउनी मिल्ड्यू" (म्हणजे केवडा रोग) अवतरणचिन्हांत लिहिते, म्हणजे दोन्ही शब्द सलग येतात. नको तो शब्द उणे चिन्ह लावून वगळते. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचंच हवं असेल, तर इंग्रजीत 'site' आणि अपूर्णविराम (:) देऊन त्यांच्या वेबसाइटचा पत्ता जोडते. निर्यातीच्या बागेत काढणीच्या किती दिवस आधी कोणतं औषध थांबवायचं, हे मी आता मूळ यादी उघडून शेतकऱ्याला दाखवते. कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबून कंटेनर नाकारला गेला, तर त्या घराचं वर्ष जातं, काका.

ज्यांना चुकीचा फोन गेला, त्यांच्या घरी मी जाऊन माफी मागितली. परवा ते दुकानात आले, खाते क्रमांक सांगितला, स्वतःची बिलं स्क्रीनवर पाहिली आणि चहा घेऊन गेले.

तुम्ही शिकवणीचा एक रुपयाही घेतला नाहीत, त्या गुलाबाच्या औषधाचे पैसे मात्र हट्टाने दिलेत. तुमचे आभार कसे मानू? माझ्या दुकानाची अब्रू तुम्ही राखलीत.

एक अडलं आहे. शेतकरी न फोडलेला डबा परत आणतो, तेव्हा त्याच बिलात उणे ओळ टाकायची की परतीचा वेगळा तक्ता करायचा? ऑक्टोबर छाटणीची गर्दी सुरू व्हायच्या आधी, रविवारी सकाळी घरी येते. कॅलेंडरचं पान सोबत आणते.

तुमची,
मखमलाबाद रोडची दुकानवाली