जेवायला बसलेला लाजर

पुणे, १४ नोव्हेंबर

प्रिय कुंदा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. हाताने लिहिलेली चार पानं, आणि अक्षर अजूनही उजवीकडे चढत जाणारं! अरविंदरावांच्या हाताची थरथर वाढलीय, रात्री दोनदोनदा उठावं लागतं, हे वाचून फोन उचलला होता. पण फोनवर आपण दोघी औषधांच्या नावांपलीकडे जात नाही, म्हणून ठेवून दिला. शिवाय शेवटच्या पानावरचं तुझं एक वाक्य मला सोडत नव्हतं. "तुम्हा ख्रिस्ती लोकांचं बरं असतं बाई. इथं काहीही होवो, वर जागा राखून ठेवलेली असते. आम्ही आपले राहिलेले दिवस ढकलायचे." रागावले नाही गं. पण उत्तर दिल्याशिवाय चैनही पडेना.

आता ही समजूत तुला झाली कुठून? आमच्याकडूनच. आईच्या दफनाला तू नगरला आली होतीस. कबरीशी उभं राहून पाळकसाहेब बराच वेळ सांगत होते की हे जग म्हणजे मुसाफिरखाना, आपण सगळे वाटसरू, खरं घर पलीकडे. ज्या बाईने शेवटच्या आठवड्यातसुद्धा रश्श्यात मीठ कमी पडल्याची तक्रार केली, शेजारणीच्या नातसुनेचं बाळंतपण कधी आहे ते तारखेनिशी विचारलं, तिला वाटसरू म्हटलेलं मला तेव्हाही पटलं नव्हतं. आई इथे चांगली बिऱ्हाड मांडून राहिली होती.

तरी आमच्या जुन्या माणसांना मी हसणार नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. पुढच्या काळात जिल्ह्यातली जी घरं ख्रिस्ती झाली, ती बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतली. त्यांना पाणवठा बंद, देऊळ बंद. त्यात १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. ज्या बाईची पोरं भुकेने गेली, तिला ‘ती देवाजवळ आहेत’ हा शब्द केवढा आधाराचा असेल. पण बघ, तीच बाई उरलेल्या पोराला, आणि पोरीलाही, मिशनच्या शाळेत धाडत होती. नुसता स्वर्गावर डोळा ठेवून बसलेलं माणूस पाटी-पेन्सिल कशाला विकत घेईल? आमच्या घराण्यात वाचन आलं ते असं. स्वर्गाची गाणी म्हणायची आणि सकाळी पोरांची डोकी विंचरून शाळेत हाकलायची, या दोन्ही गोष्टी एकाच विश्वासातून होत होत्या. पुढे गाणी तेवढी राहिली आणि आम्ही आळशी झालो, असं माझं मत आहे. मंडळीत ते मोठ्याने बोलले तर दोघी-तिघी बोलणं टाकतील.

आणि इथले दिवस ढकलायचे हे तुला तरी कुणी शिकवलं? तुझ्या अण्णांनी खचितच नाही. मुक्ती नको, सुखाने पुन्हा गर्भवासात घाल, असं देवाकडे मागणारा तुकोबा तुमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी गायला जायचा. मी भिंतीला टेकून ऐकायची. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत ना, की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. मला त्या पुलाचं एक टोक तुमच्या ओसरीवर सापडलं होतं.

आता लाजरची गोष्ट सांगते. तुला अर्धी ठाऊक आहे, उरलेली अर्धी कुणी सांगत नाही. बेथानी गावातल्या मार्था आणि मरीया या दोन बहिणी, लाजर त्यांचा भाऊ. तो आजारी पडतो, त्या येशूला निरोप धाडतात, आणि येशू उशिरा येतो. लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था वाटेतच त्याला गाठते आणि तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. (मला मार्था फार आवडते. देवालाही उशीर झाल्याचं सुनावणारी बाई.) तो म्हणतो, तुझा भाऊ पुन्हा उठेल. ती म्हणते, हो, माहीत आहे, शेवटल्या दिवशी उठेल. म्हणजे तू जे लिहिलंस तेच: वर जागा आहे, पुढे कधीतरी सगळं ठीक होईल. यावर तो ‘शाबास’ म्हणत नाही. म्हणतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." शेवटल्या दिवसाकडे बोट दाखवणाऱ्या बाईसमोर तो आज, धुळीच्या रस्त्यात, स्वतः उभा आहे.

मग तो कबरेकडे जातो, आणि रडतो. कुंदा, इथे मी दर वेळी थांबते. थोड्याच वेळात तो लाजरला हाक मारणार आहे, लाजर बाहेर येणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. तरी रडतो. पुढे सगळं ठीक होणार म्हणून आताचं दुःख लटकं, असा हिशेब त्याने केला नाही. तेव्हा रात्री दोन वाजता अरविंदरावांची कूस बदलून झाल्यावर तू स्वयंपाकघरात येऊन रडत असशील, तर ‘आनंदी राहा, भरभरून जग’ असलं काही मी तुला सांगणार नाही. असली वाक्यं सकाळी फुलांच्या चित्रांवर छापून येतात, तेवढी पुरेत. भरून जगण्यात ते रडणंही आलंच.

आणि ती न सांगितलेली अर्धी गोष्ट. चार दिवस कबरेत काढून आलेल्या माणसाकडून आपण काय ऐकायला बघू? पलीकडे काय दिसलं, कोण भेटलं! ही गोष्ट आपल्या शुभवर्तमानात सांगणाऱ्या योहानाने लाजरच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. पलीकडची काही खबर नाही. लगेच पुढच्या अध्यायात लाजर जेवायला बसलाय आणि मार्था वाढतेय. मेलेला माणूस परत आला, तो पंगतीत.

एकदा हे दिसलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. येशू खातो-पितो म्हणून विरोधक त्याला खादाड आणि दारूबाज म्हणत. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा त्याने सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरवले आणि सगळ्याचा द्राक्षारस केला. एकेका रांजणात दोन-तीन मण मावत होतं म्हणे. एवढ्याची गरज नव्हती. वधस्तंभानंतर तो उठतो, तेव्हा समुद्रकाठी निखाऱ्यांवर मासे भाजून रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना हाक मारतो, "या, न्याहारी करा." मरण जिंकून आलेल्याने करायचं काय, तर न्याहारी! यात मला इतका दिलासा वाटतो की तो नीट सांगता येत नाही.

टिळकांचंही बघ. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते त्यात अडकले कुठे, तर येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात. ते सगळं इथलं आहे. शेजाऱ्याशी भांडण असेल तर वेदीवरचं अर्पण तसंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर. उद्याची चिंता करू नकोस. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, संसार मोडला. पाच वर्षांनी त्याही ख्रिस्ती झाल्या. पण त्याआधीची एक रात्र मला जास्त मोलाची वाटते. कडक सोवळ्यातल्या त्या बाई रात्रभर विचार करत राहिल्या की जाती देवाने केल्या की माणसाने. उत्तर सापडलं आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. स्वर्गाचं त्यांना तेव्हा काहीच ठरवायचं नव्हतं. पाण्याचा पेला कुणाकडून घ्यायचा, एवढंच ठरलं, आणि जगणं केवढं तरी रुंद झालं. नवऱ्याच्या मागे त्याचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्यही त्यांनीच पुरं केलं. सोसलं किती आणि तरी विनोद सुटला नाही! शाळेत त्यांच्या आत्मचरित्रातला धडा वाचताना बाईंनी आपल्याला हसतो म्हणून बाहेर काढलं होतं, आठवतं?

आता दुसऱ्या टोकाचे लोक. तुला टीव्हीवर दिसत असतील, झगझगीत सूट घातलेले. योहानातलं वाक्य ते पाठ म्हणतात: "मी तर त्यांना जीवनप्राप्ती व्हावी व ती विपुलपणे व्हावी म्हणून आलो आहे." आणि विपुल म्हणजे फ्लॅट, गाडी, मुलाचा व्हिसा. मला चीड येते. त्यांच्यापेक्षा आमचे मुसाफिरखानेवाले परवडले. अरे, पुढचीच ओळ वाचा! उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. म्हणजे विपुल जीवन देणारा स्वतःचं जीवन हातचं राखत नाही.

पंडिता रमाबाईंना मी या बाबतीत मानते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, आणि त्यांना केडगावच्या आपल्या आश्रमात नुसती प्रार्थना नाही शिकवली. विणकाम शिकवलं, छापखाना शिकवला. अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणायचं काम त्या वर्षानुवर्षं करत होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. त्या बाईने दिवस ढकलले असं कोण म्हणेल?

पण तू म्हणशील, मी काही रमाबाई नाही. मीही नाही. मी निवृत्त कारकून, रविवारी कोयरमध्ये मागच्या रांगेत उभी राहणारी. म्हणून माझ्या मापाचं सांगते. प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही मागतो, "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." एका दिवसाची. लहानपणी मला हे फार चिकट मागणं वाटायचं. मागायचंच तर वर्षाचं धान्य मागावं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा तोही त्या-त्या दिवसापुरता. जास्तीचा साठवला की सकाळी किडे आणि घाण. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी कुणी वेचायला जाऊ नये. उद्यावर विश्वास टाकायची सवय अशी पोटातून लावावी लागते. मला अजून पुरती लागलेली नाही. बँकेचं पासबुक मी महिन्यातून दोनदा काढून बघते. पण जेवायच्या आधी डोळे मिटून आभार मानताना पानात काय वाढलंय ते एकदा नीट दिसतं, एवढं मात्र खरं. मेथी कुणी निवडली, भाकरी कुणी थापली. रविवारी मी कपडे धूत नाही, हिशेब करत नाही. सुनेला आधी हा सोवळेपणा वाटला. आता तीही दुपारी झोपते.

आणि स्वर्ग मी मोडीत काढला असंही समजू नकोस. आई मला भेटेल यावर माझा विश्वास आहे, भाबडा म्हण हवं तर. पण त्या भरवशाचा उपयोग मला इथे होतो. सगळं याच आयुष्यात मुठीत धरून ठेवायची धडपड कमी होते, आणि मूठ सैल असली की कुणाला काही देता येतं. दरवर्षी कापणीच्या सणाला आमच्या देवळात लोक दुधी, कोंबड्या, ज्वारी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एक म्हातारी स्वतःच्याच वेलाचा दुधी आणते, मग स्वतःच बोली लावून तिप्पट भावाने घरी नेते. व्यवहार शून्य. चेहरा मात्र बघण्यासारखा असतो.

तुझ्या कपाटात लग्नातला तो निळ्या फुलांचा टी-सेट अजून तसाच आहे ना? पाहुणे आले की काढू, मुलाचं लग्न झालं की काढू, अरविंदराव बरे झाले की काढू. ते बरे होणार नाहीत, कुंदा. हे तुला माहीत आहे आणि मी गोड बोलून लपवणार नाही. हात थरथरतात म्हणून कप फुटेल ही भीती असेल, तर फुटू दे. सहा आहेत. आणि तुझा गाण्याचा क्लास सुटला तो ‘सध्या नको’ म्हणून. हे ‘सध्या’ किती लांबायचं?

उपदेश पुरे. देवाचं राज्य वगैरे तुझ्यावर लादायला मी येत नाहीय, आपलं पन्नास वर्षांचं जुळलंय ते तू मला कधी हरिपाठ म्हणायला लावला नाहीस म्हणून. पण शनिवारी मी नाशिकला येतेय. सकाळच्या एसटीने निघते, दुपारी अरविंदरावांजवळ मी बसेन. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, खायला काय चालतं, उठवताना कुठे धरायचं, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. तू क्लासला जायचं. बाईंशी आधी फोनवर बोलून घे, नाहीतर जाऊन दाराशी उभी राहशील. मध्येच ‘ठीक आहे ना?’ विचारायला फोन करायचा नाही. करशील तर मी उचलणार नाही. जेवायला थांब, मी नगरची शेंगदाण्याची चटणी आणतेय.

तुझी,
शैला