एक टीबीच्या डिस्कमध्ये ९३१ जीबीच कामून?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परभणीत माझा लग्नाच्या फोटो-व्हिडिओ शूटिंगचा धंदा आहे. यंदाच्या सीझनची पाच लग्नं कॉम्प्युटरमध्ये साठली होती, सगळे फोल्डर सिलेक्ट करून बघितलं तर ९५५ जीबी भरलं, म्हणलं एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊ, वर ४५ जीबी उरतील. घेतली, कॉपीला लावली, चार लग्नं गेली आन् पाचव्याला कॉम्प्युटर म्हणतो अजून २४ जीबी जागा पाहिजे. डिस्क कोरी करकरीत, तरी एकूण जागाच ९३१ जीबी.

तसाच दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर काउंटरवरच्या पोराला नाही नाही ते बोललो, माझे ६९ जीबी कुठं गेले म्हणून. त्याला पण धड सांगता येईना, 'सगळ्याच कंपनीच्या अशाच येतात, विंडोज खातं' एवढंच म्हणला. त्याचं उत्तर चूक होतं आणि माझं बोलणं त्याहून चूक होतं, म्हणून हे पत्र.

भाच्याने कॅल्क्युलेटर काढून दाखवलं. कंपनी सरळ हजाराच्या पटीत मोजते, एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट (बाइट म्हणजे साठवणीचं मूळ माप). विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, कारण मेमरीचा सगळा कारभार दोनाच्या पटीत, दोन दहा वेळा गुणले की १०२४ येतात, ते हजाराच्या जवळ म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हणायला सुरुवात केली. म्हणजे विंडोजचा एक जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. तुम्ही पण करून बघा, एकावर बारा शून्य टाका (कंपनीच्या एक टीबीचे एवढे बाइट), तीनदा १०२४ ने भागा, ९३१ च येतं. बाइट एकही गेलेला नाही. ५०० जीबीची ४६५ दिसते, दोन टीबीची १.८१ टीबी.

हे मी वडिलांना सांगितलं तर ते म्हणले, हे तर कच्चा शेर-पक्का शेर झालं. लहानपणी मोंढ्यात त्यांनी ती भांडणं बघितलेली, नाव एकच आणि माप दोन. मग १९५६ चा कायदा आला, किलो आला आणि ते मिटलं.

इथं मात्र मिटलं नाही. १९९८ सालीच १०२४ वाल्या मापाला गिबिबाइट असं वेगळं नाव ठरवून दिलंय, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. ॲपलने २००९ पासून मॅकवर हजाराचं माप धरलं, तीच डिस्क तिथं लावली तर पूर्ण एक टीबी दिसते. अमेरिकेत गिऱ्हाइकांनी यावरूनच वेस्टर्न डिजिटल आणि सीगेटवर दावे लावले होते, त्यात तडजोडी झाल्या. आता बॉक्सच्या मागे मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असतं की १ जीबी म्हणजे अमुक बाइट. ते वाचतंय कोण, आणि वाचलं तरी त्यातून ९३१ चा आकडा कसा कळावा? घरात कॉम्प्युटर पहिल्यांदा येणारी, पै पै जमवून लेकरांसाठी डिस्क घेणारी माणसं आहेत आपल्याकडं.

माझं म्हणणं एवढंच आहे, बॉक्सच्या पुढच्या बाजूला ठळक, मराठीत, 'विंडोजवर ९३१ जीबी दिसेल' असं छापा. सक्तीच करा. आणि दुकानदारांनी पैसे घ्यायच्या आधी सांगावं. (पाचशे रुपयात दोन टीबीचा पेनड्राइव्ह विकतात ती गोष्ट वेगळी, ती सरळ फसवणूक आहे, त्यात आकडा दिसतो पूर्ण आणि फाइली उघडतच नाहीत.)

त्या पोराची मी दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली, हिशोबाचा कागद पण देऊन आलो. पाचवं लग्न अजून जुन्या कॉम्प्युटरवरच आहे, एकच कॉपी, दुसरी डिस्क येईपर्यंत जिवाला घोर आहे.

आपला,
एक फोटोग्राफर, परभणी