फॅन आर्टची नोंदवही : सांगलीच्या सभासदांसाठी सूचना

फॅन आर्ट म्हणजे आवडत्या पात्राचं चाहत्यानं काढलेलं चित्र. ते व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून टाकू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून टाका. नाहीतर फाइल दाबली जाऊन शाईची बारीक रेघ फुटते. ए४ चित्राचा स्कॅन किमान ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके). फाइलचं नाव वर्ष-पात्र-चित्रकार असं. ‘फायनल फायनल २’ नावाच्या फाइली परत येतील!

दुसऱ्याच्या चित्रावरून ट्रेस केलं असेल तर त्याचं नाव हवंच. पात्र कुणाचंही असो, रेघ त्याची आहे.

नियम बदलला तरी नोंदवहीतली जुनी ओळ खोडू नये, खाली तारखेसह नवी लिहावी. कधी काय चालत होतं ते त्यातूनच कळतं.

अल्कोहोल मार्करची (अल्कोहोलमिश्रित शाईच्या पेनांची) चित्रं उजेडात फिकट होतात, फोल्डरमध्येच ठेवा. वही-फोल्डर वरच्या मजल्यावरच राहतील. २०१९ चा पूर आठवा.