आपल्यांसमोर उभं राहण्याचं धाडस

संपादक महोदय,

लष्करी नेतृत्वावरच्या आपल्या लेखात शत्रूसमोरच्या शौर्याची सगळी उदाहरणं आली, पण आपल्याच माणसांना अडवणाऱ्याचं एकही नाही. मी निवृत्त सुभेदार आहे. रंगरुटांना शिकवताना मी ह्यू थॉम्प्सनची गोष्ट आवर्जून सांगत असे.

१६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. अमेरिकी सैनिक नि:शस्त्र गावकऱ्यांना मारत होते. हेलिकॉप्टर चालवणाऱ्या चोवीस वर्षांच्या थॉम्प्सनने यंत्र खाली उतरवलं, थेट सैनिक आणि गावकरी यांच्या मधोमध. सैनिकांनी या लोकांवर गोळी चालवली, तर तुम्ही आपल्याच सैनिकांवर चालवा, असं त्याने स्वतःच्या दोघा साथीदारांना बजावलं. मग दुसरी हेलिकॉप्टर्स बोलावून त्या लोकांना बाहेर काढलं आणि परतल्यावर वरिष्ठांकडे तक्रारही केली. माझ्या मते तक्रार करणंच जास्त अवघड. उडी रागाच्या भरात मारता येते, तक्रार थंड डोक्याने करावी लागते.

वरिष्ठांनी प्रकरण दाबलं. ते बाहेर आल्यावर एका खासदाराला शिक्षा हवी होती ती थॉम्प्सनलाच! हत्याकांडासाठी दोषी ठरला एकटा लेफ्टनंट कॅली, आणि तोही काही वर्षांतच सुटला. थॉम्प्सनला ‘सोल्जर्स मेडल’ हे पदक मिळालं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

बेकायदा हुकूम मानू नये, हे नियमात असतं. पण तो नाकारणाऱ्याच्या पाठीशी त्याचा वरिष्ठ उभा राहील का, यावरही आपण लिहावं.

– एक निवृत्त सुभेदार