खफ्रेखालचे ‘शहर’ आणि म्युऑनची साक्ष

संपादक महोदय,

गिझातील खफ्रेच्या पिरॅमिडखाली शेकडो मीटर खोल खांब आणि ‘शहर’ सापडल्याच्या चित्रफिती मार्च 2025 पासून फिरत आहेत. दावा उपग्रहावरच्या रडारचा. पण रडारलहरी कोरडीठाक वाळू असली तरी काही मीटरच शिरतात, ओलसर चुनखडकात त्याआधीच विरतात. पृष्ठभागाच्या कंपनांवरून खोलीचे चित्र काढले, असे सांगितले जाते. ते पडताळायला साधे एक बोअरही घेतलेले नाही.

दगडाआड पाहण्याची खात्रीची रीत वेगळी आहे, आणि ती फार सावकाश चालते. वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्युऑन नावाचे सूक्ष्म कण दगडात अडतात. पोकळी असेल त्या दिशेने ते जास्त संख्येने पोहोचतात. मोजणी महिनोन्‌महिने चालते. म्युऑन वरून येत असल्याने ते मोजणाऱ्या यंत्राच्या पातळीखालचे मात्र काहीच कळत नाही.

खुफूच्या पिरॅमिडमधल्या उत्तरेकडच्या मार्गाची चाहूल 2016 मध्ये अशीच लागली. नंतर दगडावर टेकवून रडार आणि अल्ट्रासाउंडने तपासणी झाली. मग दगडांच्या सांध्यातून जेमतेम 6 मिलिमीटर जाडीचा कॅमेरा आत सरकवला, आणि 2023 मध्ये सुमारे 9 मीटर लांबीचा मार्ग जाहीर झाला. खफ्रेच्या पिरॅमिडचीही म्युऑनने तपासणी भौतिकशास्त्रज्ञ लुई अल्व्हारेझ यांनी केली होती. 1970 च्या त्यांच्या निबंधानुसार तपासलेल्या 19 टक्के भागात एकही अज्ञात दालन नव्हते. ही बातमी कुणी फॉरवर्ड करत नाही!

– एक वाचक, नाशिक