कथा माझी, मालकी आयोजकांची : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

सविनय नमस्कार.

साहित्य स्पर्धांच्या नियमावलीत लेखकांच्या हक्कांविषयी जे कलम हल्ली सर्रास घातले जाते, त्याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एका राज्यस्तरीय कथास्पर्धेसाठी मी पाठवलेल्या कथेला पारितोषिक मिळाले नाही, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. परंतु तीच कथा गेल्या आठवड्यात एका श्राव्य मालिकेत माझ्या नावाशिवाय प्रसारित झाली. केळीच्या बागेची पाण्याची पाळी सोडून मुलाकडे शहरात राहायला जाण्यास शेवटपर्यंत नकार देणारी माझी म्हातारी त्या मालिकेत मुकाट्याने बॅग भरते, नातवाला कुशीत घेते आणि मागे सनई वाजते. तिच्या तोंडची अहिराणीही पुसून टाकली असून जळगाव जिल्ह्यातील ही निरक्षर बाई आता आकाशवाणीवरील निवेदिकेसारखी बोलते.

आयोजकांना विचारले असता त्यांनी नियम क्रमांक १४ कडे बोट दाखवले. ‘प्रवेशिका सादर करताच साहित्याचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभरासाठी व कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील, आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार आयोजकांना असेल,’ असा तो नियम आहे. म्हणजे पारितोषिक तिघांना आणि मालकी मात्र सगळ्यांच्या कथांची! जेवायला बोलावलेल्या पाहुण्याकडून दारातच घराच्या किल्ल्या काढून घ्याव्यात, असा हा पाहुणचार आहे. वर प्रत्येकी ३०० रुपये प्रवेश शुल्क. आयोजकांच्याच घोषणेप्रमाणे दीड हजारांवर प्रवेशिका आल्या होत्या. म्हणजे साडेचार लाख रुपये जमले आणि पहिले पारितोषिक होते ११ हजारांचे. माझा हिशेब शे-दोनशे प्रवेशिकांनी इकडेतिकडे असेल, तर त्यांनी आपला ताळेबंद जाहीर करावा.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहावे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीनिशी व्हावे लागते. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरतेच धरले जाते. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरासाठी’ हे शब्द नियमावलीत आपसूक येत नाहीत. या दोन्ही तरतुदी टाळण्यासाठी कोणा जाणकाराने ते मुद्दाम बसवलेले असतात. ज्या चौकटीत खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही, त्या चौकटीतील खूण म्हणजे माझी सही कशी, आणि पारितोषिक न मिळालेल्यांना मोबदला कोणता, या प्रश्नांना मला अद्याप उत्तर मिळालेले नाही. कलम ५७ तर आणखी स्पष्ट आहे. हक्क विकून टाकल्यावरही, लेखन आपले असल्याचे सांगण्याचा आणि नावलौकिकाला बाधा आणणाऱ्या मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो.

दाद मागा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपल्या भित्तिशिल्पासाठी थेट केंद्र सरकारविरुद्ध याच कलम ५७ खाली दाद मागितली आणि ते जिंकलेही. पाच लाखांची भरपाई मिळाली. दावा १९९२ सालचा आणि निकाल २००५ सालचा! निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिक्षिकेने एका कथेसाठी तेवढी वर्षे कुठून आणायची? कॉपीराइटच्या तंट्यांसाठी पूर्वी स्वतंत्र मंडळ होते, पुढे ते बौद्धिक संपदा अपील मंडळात विलीन झाले आणि २०२१ मध्ये तेही गुंडाळले गेले. वकिलाच्या पहिल्या नोटिशीचा खर्च त्या स्पर्धेच्या तिसऱ्या पारितोषिकापेक्षा जास्त निघाला.

कॉपीराइट हा केंद्राचा विषय आहे, हे उत्तर आपल्या कार्यालयातून येण्यापूर्वीच मी ते मान्य करते. परंतु अनुदान, बोधचिन्ह वापरण्याची परवानगी आणि सभागृहाचे सवलतीचे भाडे हे तर केंद्राचे विषय नाहीत ना? शासनाची कोणतीही मदत घेणाऱ्या स्पर्धेत हक्क लेखकाकडेच राहतील, आयोजकांना केवळ पारितोषिकप्राप्त साहित्य ठरावीक मुदतीत एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी असेल, इतर प्रवेशिकांवर त्यांचा कोणताही अधिकार राहणार नाही आणि लेखकाच्या संमतीविना एक शब्दही बदलला जाणार नाही, एवढी अट घालायला संसदेची गरज नाही. हे नियम प्रवेश अर्जाच्या माथ्यावर सरळ मराठीत छापले जावेत. स्पर्धा चालवायला याहून अधिक काही लागत नाही. ज्यांना लागते, त्यांना फुकटात कथांचे गोदाम भरायचे असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. दर २७ फेब्रुवारीला व्यासपीठावरून लेखकाला ‘सारस्वत’ म्हटले जाते, शाल घातली जाते, नारळ दिला जातो. मानधनाचा विषय काढला की मात्र हाच सारस्वत व्यवहारी ठरतो, आणि हक्कांविषयी विचारले तर भांडखोर. निवडलेल्या कवितेच्या कवीलाच पाच प्रती विकत घ्यायला लावणारे प्रातिनिधिक संग्रह, मानधनाऐवजी अंकाची एक प्रत पाठवणारे संपादक आणि नियम क्रमांक १४ लिहिणारे आयोजक हे एकाच व्यवस्थेचे भागीदार आहेत. त्या व्यवस्थेत छपाईवाला, मंडपवाला, हारवाला या सर्वांची बिले भागवली जातात. बिल नसते ते फक्त लिहिणाऱ्याचे.

या पत्राला ‘आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे अग्रेषित करण्यात येत आहे’ असे उत्तर आपण पाठवू नये, ही विनंती. तसली पत्रे माझ्याकडे आधीच आहेत. उत्तर द्यायचेच असेल, तर अनुदानाच्या अटी बदलणाऱ्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक कळवावा.

आपली,
एक कथालेखिका
जळगाव जिल्हा